दिलेलं नाव परत घेताना

दहिवली, कर्जत
रविवार दुपार

प्रिय देवदत्ता,

आधी सवयीने 'चि.' लिहून गेले होते. मग हात थांबला आणि मी ते खोडलं. आपल्याहून लहानाला लिहिताना नावाआधी 'चिरंजीव' लिहावं, हे तुला मीच शिकवलं होतं. आता ते कुठल्या तोंडाने लिहू, सांग!

तुला जाऊन वर्ष होत आलं. या वर्षात मी तुला एक ओळ लिहिली नाही. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं म्हणजे शाई आणि कागद दोन्हींची नासाडी, असं माझं मत होतं. अजूनही आहे. तरी लिहायला बसले, कारण उद्या सकाळी खोपोलीच्या गाडीने मी गावी जाणार आहे, आणि तिथे तुझं नाव परत घेणार आहे. एकदा परत घेतलं की ते मला उच्चारता यायचं नाही. म्हणून आज हवं तेवढं लिहून घेते.

हो, बरोबर वाचलंस. नाव परत घ्यायचं. तीस वर्षं शाळेत मुलींच्या डोक्यातल्या खुळ्या समजुती खरवडून काढणारी तुझी आत्या उद्या एका रिकाम्या पाळण्यावर वाकणार आहे. हसतोस काय?

तुझ्या जन्माची गोष्ट मी तुला नेहमी अर्धीच सांगितली. तुझ्याआधी तुझ्या आईचे तीन मुलगे गेले. एक सहा दिवसांचा, एक तीन महिन्यांचा, तिसरा तर रांगायला लागला होता. म्हणून तू झालास तेव्हा पाचव्या दिवशी तिने तुला सुपात घातलं आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या केरावर नेऊन ठेवलं. शेजारची म्हातारी ठरल्याप्रमाणे आली, 'आगं बाय, हितं कुनाचं पोर टाकलंय?' म्हणाली आणि तुला उचलून घरी गेली. मग तुझ्या आईने सूपभर कोंडा देऊन तुला तिच्याकडून विकत घेतलं. केरात सापडला म्हणून केरू. मरणाला वाटावं, हे पोर टाकून दिलेलं आहे, याला नेऊन काय करायचं? मरणाला इतकं बावळट समजणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

मी बाराव्या दिवशी पुण्याहून पोचले. ऐकून तळपायाची आग मस्तकाला गेली. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि माझं नाव तयार होतं. पाळण्यावर वाकून तुझ्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि म्हणाले, देवदत्त. बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत बुक्के घातले. त्यातले दोन-तीन रिवाजापेक्षा बरेच जोरात होते.

'देवदत्त म्हंजे काय वो, वन्सं?' तुझ्या आईने विचारलं.

'देवाने दिलेला.'

तिने तुझं दुपटं नीट केलं. मग म्हणाली, 'दिल्यालं असलं तर देनारा कदीतरी परत मागनार. मी ह्याला इकत घेतलाय. कोंडा मोजलाय त्याचा.'

मी पाऊण तास व्याख्यान दिलं. त्यातलं एक वाक्य आज आठवत नाही. तिचं आठवतं.

'तुमचं नाव तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे,' ती शेवटी म्हणाली. 'मी माज्या तोंडानं नाय घ्यायची.' आणि खरंच, एकवीस वर्षांत तिने एकदाही घेतलं नाही.

मी एवढी का पेटले, हे तुला कधी सांगितलं नाही. मला तू आत्या म्हणायचास, शाळेत मला बाई म्हणायचे, म्हणून माझं नाव तुझ्या कधी कानावर आलं नाही. माझं घरचं नाव नकुशी. तीन मुलींनंतर चौथी मी. 'ही नको होती' असं देवाला नीट कळावं, म्हणून आईबापांनी ते माझ्या कपाळी मारलं. माझ्या पाठीवर तुझे वडील झाले, म्हणजे नावाचा गुण आला असं सगळ्यांना पटलं!

माझे वडील माथेरानला एका साहेबाचा बंगला सांभाळायचे. तिथल्या मडमेने मला कॉन्व्हेंटात घातलं. पहिल्या दिवशी मदरने माझ्या नावाचा अर्थ विचारला. मी सांगितला. ती म्हणाली, 'हे नाव नाही, ही तक्रार आहे,' आणि रजिस्टरात डोरोथी लिहून मोकळी झाली. तिला माझं नाव उच्चारायचा कंटाळा होता, हे मला पुढे कळलं. पण डोरोथी म्हणजे देवाची देणगी, हेही तिनेच सांगितलं. आठ वर्षांच्या पोरीला ते रात्रंदिवस पुरलं. सुट्टीत घरी आले की पुन्हा नकुशी.

मग पुण्याला नोकरी करताना मी एका म्हाताऱ्या शास्त्रींकडे संस्कृत शिकायला जाऊ लागले. पहिलाच धडा: देवदत्त गावाला जातो. दुसरा: देवदत्त भात शिजवतो. मी अर्थ विचारला, आणि काय सांगू तुला! मदरने मला दिलेलं नाव इकडे एक पुरुष दोन-अडीच हजार वर्षं बिनदिक्कत वापरत होता. मला मूलबाळ होणार नव्हतं. मी ते नाव तुझ्यासाठी जपून ठेवलं.

मी नोकरी सोडून इथे दहिवलीत आले तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. तुझ्या आईने तुला शिकायला माझ्याकडे धाडलं. ते तिला किती जड गेलं असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही. माझ्या मते मी तिच्यावर उपकार करत होते.

आठवतं, नावाचा अर्थ तू किती वेळा वदवून घ्यायचास? भारती युद्धात एका मोठ्या धनुर्धराच्या शंखाचं नाव देवदत्त होतं, हे ऐकल्यावर आठवडाभर तू तोंडाने शंख फुंकत हिंडलास. शेजाऱ्यांनी तक्रार केली. शरीरातल्या ज्या वायूमुळे जांभई येते त्यालाही देवदत्तच म्हणतात, हे सांगायची चूक मी केली. त्यानंतर वर्गात जांभई दिल्याबद्दल मास्तरांनी उभं केलं तर तू म्हणायचास, 'मास्तर, मी फक्त माझं नाव सांगितलं.' कार्टं!

आणि बुद्धाशी वैर करणारा चुलतभाऊही देवदत्तच, हे तू कुठल्याशा पुस्तकात स्वतः वाचलंस. केवढा रुसलास! 'आत्या, हे आधी का नाही सांगितलंस?' मी म्हणाले, 'जुन्या नावांच्या घरात सगळ्या तऱ्हेची माणसं राहून गेलेली असतात. तू कसा राहतोस ते बघ.' तू लगेच म्हणालास, 'मग मी भात शिजवणारा.' आणि खरंच, त्या दिवशी भात तू लावलास. खाली लागला. मी खाल्ला.

शनिवारी दुपारी मी तुला खोपोलीच्या गाडीत बसवून द्यायची. पळसदरी मागे पडलं की तू केरू व्हायचास. आमी, तुमी, हाय, नाय, सगळं परत. सोमवारी कर्जतला उतरायचास तो देवदत्त. मला राग यायचा. वाटायचं, आपण पाच दिवस घासूनपुसून लख्ख करतो आणि ती दोन दिवसांत पुन्हा माखून पाठवते. एकदा मी तुला विचारलं, 'तू खरा कोण?' तू दहा वर्षांचा होतास. म्हणालास, 'ज्या घरी जेवेन तो.' मी तुझ्यावर रागावले. का रागावले? इतकं सरळ उत्तर मला त्यानंतर कुणी दिलं नाही.

आता माझं भांडण ऐक. मॅट्रिकचं सर्टिफिकेट माझ्या पेटीत होतं. तू मागितलंस. 'रेल्वेत जागा निघाली आहे, आत्या,' म्हणालास. मी आपल्या हाताने काढून दिलं, वर शाईचा डाग पडू नये म्हणून कागदात गुंडाळून दिलं! तू गेलास तो फौजेच्या भरतीला. पत्र आलं ते थेट छावणीतून. माझ्याशी खोटं बोललास, ते एक वेळ सोडते. आईला काहीच सांगितलं नाहीस? ती तेव्हाच मला म्हणाली होती, 'न सांगता गेला त्यो तुमचा. माजा आसा जायचा नाय.' मी हसले होते.

सरकारी कागद तुझ्या वडिलांच्या नावाने आला. इंग्रजीत. ते तसाच पाकीटबंद घेऊन गाडीने माझ्याकडे आले, आणि मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. त्यांना वाचून दाखवावं लागलं नाही. मग त्याच गाडीने आम्ही दोघं गावी गेलो.

तुझी आई ओट्यावर तांदूळ पाखडत बसली होती. वर्षानुवर्षं वर्गात नेमके शब्द वापरायला शिकवणाऱ्या या बाईने त्या क्षणी काय म्हणावं? मी म्हणाले, 'चंद्रा, देवदत्त गेला.'

मी 'केरू' म्हणाले नाही! ते नाव माझ्या जिभेवर कधी आलंच नव्हतं, त्या वेळी कुठून येणार? आणि तिने सूप खाली ठेवलं नाही. पाखडतच राहिली. 'असल,' म्हणाली. 'तुमचा तुमच्याकडं व्हता. वाईट झालं, वन्सं. च्या ठेवू का?'

आम्हाला वाटलं, धक्का बसलाय, दोन दिवसांत रडेल. ती रडली नाही. रोज तुझं ताट काढून ठेवायला लागली.

महिन्या-दीड महिन्याने चौक गावचा एक शिपाई आला. तुझ्याच तुकडीतला, ब्रह्मदेशात तुझ्याबरोबर होता. बिचारा मुद्दाम वाट वाकडी करून आला होता. त्याने सगळं सांगितलं: नदीकाठ, लॉरी, वरून पडलेला गोळा. तुझी आई नीट ऐकत होती. मग तिने एकच विचारलं, 'तिकडं त्याला कुनी केरू म्हनायचं का रं, बाबा?'

'नाय, मावशी. दत्ता म्हनायचो. कागदावर देवदत्त.'

'त्यानं सोताला कदी केरू म्हनलं?'

'नाय बा. ह्ये नाव मी आजच ऐकतोय.'

तुझी आई हसली. त्या घरात कितीतरी दिवसांत पहिल्यांदा कुणी हसत होतं. उठून तिने त्याला तांदळाच्या भाकऱ्या केल्या, वर सुकटीची चटणी, आग्रह करकरून वाढलं. तो जेवला, पण माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की काय सांगू. त्याला निरोप देताना ती म्हणाली, 'त्या देवदत्ताच्या आयेला सांग बाबा, लई वाईट वाटलं.'

का रे, का म्हणत नव्हतास तिथे एकदा तरी केरू? तुला त्याची लाज वाटत होती का? आणि ती लाज तुला कुणी शिकवली? उत्तर देऊ नकोस. मला ठाऊक आहे.

गावात दुसरंच चाललं होतं. 'मोटं नाव झेपलं नाय पोराला.' 'आत्यानं हौस केली आन् मरनानं पत्ता वाचला.' हे माझ्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. पाणवठ्यावर बोलायचे, मला ऐकू येईल इतक्या लांबून. मी एकीला गाठून विचारलं, 'माझं नाव नकुशी. मी पासष्टीला आले. मग नकोशी असलेली जगते आणि देवाने दिलेला एकविसाव्या वर्षी जातो, हा तुमच्या देवाचा कुठला हिशोब?' ती म्हणाली, 'त्येच म्हनतोय आमी, बाई.' मला वाद जिंकायची सवय आहे. या वर्षात मी सगळे वाद जिंकले, आणि त्यातून काही म्हणजे काही झालं नाही.

दोन महिन्यांपूर्वी मी गावी गेले होते. जेवणाच्या वेळी तिने तुझं ताट मांडलं आणि मला म्हणाली, 'जरा सरका वन्सं, केरूची जागा हाय ती.' माझा तोल गेला. मी ओरडले, 'केरू मेला, चंद्रा! तोच देवदत्त, तोच केरू! एकच पोरगा होता आणि तो मेला!' तिने दोन्ही हात कानांवर दाबले. तुझे वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी सत्य सांगितलं होतं. कॉन्व्हेंटात शिकवलं होतं, सत्य माणसाला मोकळं करतं. तुझी आई त्या दिवसापासून धड जेवलेली नाही.

परवा तुझे वडील एकटेच इथे आले. आत आले नाहीत, ओट्यावरच बसले. म्हणाले, 'आक्का, दोन म्हैने झाले. पेज पितीया, बास. हाडं राह्यली.'

'वैद्य?'

'वैद्य नको. ती म्हनती, तुज्या बोलन्यानं तुजं नाव केरूला चिकाटलं. आता त्याचं वर्षसराद आलं. देवदत्ताच्या नावानं पानी सोडलं की ते केरूला लागनार. म्हनती, वन्सं देनाऱ्या, वन्संनीच परत घ्यावं. मग खुशाल सराद करा, मी सैपाक करते. पाळना माळ्यावरनं काडून टांगलाय तिनं.'

'आणि तुला हे पटतं?'

तो साठीला आलेला माणूस, माझा धाकटा भाऊ. म्हणाला, 'मला पोरगा मेलाय ह्ये पटत नाय, आक्का. दुसरं काय पटायचं ऱ्हायलंय?'

मी कर्जतच्या भटजींना जाऊन विचारलं. ते म्हणाले, 'बाई, नाव परत घेण्याचा विधी शास्त्रात नाही.' मी म्हणाले, 'मग आत्याच्या पाठीत बुक्के घालण्याचा कुठल्या शास्त्रात आहे?' हाही वाद मी जिंकले. घरी येऊन रडले.

कारण बघ ना, मी कुठून सुटू? नाही गेले, तर ती उपाशी मरेल. गेले, तर ती जेवेल, आणि उरलेलं सगळं आयुष्य दाराकडे डोळे लावून बसेल. मी तिला जी आशा देणार आहे ती खोटी आहे, हे मला माहीत आहे. वर तुझ्याकडून मी एकमेव वस्तू काढून घेणार आहे जी मी तुला दिली होती. शाळा, पुस्तकं, शर्ट, ते सगळं कुणीही दिलं असतं. नाव मी दिलं. तुला चालेल का रे? तुला विचारतेय मी. बोल ना!

मी जाणार आहे. ठरलं आहे. पाळण्यावर वाकेन, 'माझं मी परत घेतलं' म्हणेन. तेवढंच म्हणायचं आहे असा तुझ्या आईचा निरोप आहे.

आज सकाळपासून शास्त्रींचं एक उदाहरण डोक्यातून जात नाही. ते मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तू लहान होतास, आणि ते तर्काचं होतं. शास्त्री विचारायचे: देवदत्त जिवंत आहे. देवदत्त घरात नाही. यावरून काय सिद्ध होतं? आम्ही एका सुरात म्हणायचो: तो बाहेर कुठेतरी आहे. मी तेव्हाही खोडसाळच. विचारलं, 'पण तो जिवंत आहे, हे कशावरून?' शास्त्री नाराज झाले. म्हणाले, 'बाई, तेवढं धरूनच चालायचं असतं. नाहीतर पुढचं काही उभंच राहत नाही.'

तुझी आई पाटीला हात न लावता तिथे पोचली आहे. तिने तेवढं धरलं आहे, आणि त्यावर तिचं बाकीचं उभं आहे. मला ते धरता येत नाही. वर्षभर मी प्रयत्न केला, रे. माझ्या हातून ते सुटतं.

पण तुला शब्द देते. उद्यापासून मी तिच्या घरीच राहीन. इथे कुलूप लावून, पेटी घेऊन निघणार आहे. तिने ताट मांडलं की मी सरकून बसेन. आणि संध्याकाळी ओट्यावर तिने विचारलं, 'वन्सं, माजा केरू आत्ता कुठं असल वो?' तर मी व्याख्यान देणार नाही. म्हणेन, 'बाहेर असेल, चंद्रा. बाहेर कुठेतरी असेल.' एवढंच म्हणेन, आणि ती उठेपर्यंत तिच्याजवळ बसून राहीन.

तुझी,
आत्या